पाण्याचा थेंब मोजणारी कंपनी नफा मोजताना खोटं बोलते का?

आमच्या शेजारचे काका वीज मंडळातून रिटायर झालेत, नागपुरात प्रतापनगरला आमच्या समोरच्याच घरात राहतात आणि पेन्शनमधले थोडेफार पैसे शेअरमध्ये टाकतात. मागच्या महिन्यात ते एका कंपनीचा वार्षिक अहवाल प्रिंट मारून घेऊन आले, चांगला दीडेकशे पानांचा गठ्ठा. एका पानावर शाळेतली पोरं झाडं लावताना, दुसऱ्यावर पाणी किती वाचवलं त्याचा तक्ता, आणि एक पान पूर्ण हिरवं, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं की एका रुपयाच्या विक्रीमागे लागणारी वीज आम्ही एका वर्षात २५ टक्क्यांनी कमी केली. काकांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "मले एक सांग, जे कंपनी पाण्याचा थेंब थेंब मोजून सांगून राहिली, ते पैशाच्या हिशेबात काऊन लबाडी करन?"

प्रश्न साधा वाटतो पण खरं तर जगभरातले अकाउंटिंगचे प्राध्यापक गेली वीस-बावीस वर्षं याच प्रश्नावर डोकं लावून राहिले आहेत. मी हिशेबाच्याच कामात आहे, त्यामुळे काकांना तिथल्या तिथे उत्तर द्यायला गेलो आणि चहा थंड झाला तरी संपलं नाही. म्हणून इथे नीट लिहितो.

आधी दोन शब्द

सस्टेनेबिलिटी म्हणजे काय तर आजचं कमावताना उद्याचं खाऊन न टाकणं. घरात पेरणीसाठी राखलेलं बियाणं असतं, ते दिवाळीत दळून खाल्लं तर त्या वर्षी ताट भरलेलं दिसेल पण मृगात पेरायला काय? कंपनीचंही तसंच. नदीत सांडपाणी सोडून, कामगाराला हेल्मेट न देता, सप्लायरचे पैसे सहा-सहा महिने दाबून नफा दाखवता येतो, पण तो बियाणं खाऊन भरलेल्या पोटासारखा असतो. हे सगळं मोजायला पर्यावरण, माणसं आणि कारभार असे तीन भाग करतात, इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ईएसजी म्हणतात.

एक गोंधळ इथेच दूर करतो कारण काकाही तिथेच अडकले होते. सीएसआर वेगळं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजाच्या कामावर खर्च करावी लागते. म्हणजे कमावलेल्या पैशातून काय दिलं ते सीएसआर, आणि मुळात पैसे कसे कमावले ते सस्टेनेबिलिटी. झाडं लावणाऱ्या पोरांचा फोटो पहिल्यात येतो. दुसऱ्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

या दुसऱ्या गोष्टीचा अहवाल आपल्याकडे सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या संस्थेने, सक्तीचा केला आहे. २०१२ मध्ये फक्त पहिल्या १०० लिस्टेड कंपन्यांपासून सुरुवात झाली होती, आता २०२२-२३ या वर्षापासून बाजारमूल्याने पहिल्या १००० कंपन्यांना तो द्यावाच लागतो, त्याचं नाव बीआरएसआर, म्हणजे बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट. वार्षिक अहवालातच असतो, फुकट वाचता येतो.

दुसरा शब्द म्हणजे नफ्याची फिरवाफिरव. ऑफिसात आम्ही "आकडे मॅनेज केले" म्हणतो. यात सरळ खोटी बिलं बनवण्यापासून ते कायद्याच्या आत बसून आकडा आपल्याला हवा तिकडे ढकलण्यापर्यंत सगळं येतं. आणि हा ढकलायचा भाग समजला नाही तर पुढचं काहीच समजणार नाही.

नफा हा मोजता मोजता ठरवलाही जातो

समजा एका भाऊचा तर्री पोह्याचा ठेला आहे. दिवसभरात ३००० रुपयांचे पोहे विकले, त्यातले ८०० उधारीवर, आसपासच्या ऑफिसातली पोरं महिन्याच्या शेवटी देतात. संध्याकाळी गल्ल्यात २२०० आहेत. मग आजची विक्री किती? हिशेबाचा नियम सांगतो ३०००, कारण पोहे दिले म्हणजे सौदा झाला. पैसा येवो न येवो, सौदा झाला की नोंद करायची, याला अक्रुअल म्हणतात, हा एवढाच जडजड शब्द लक्षात ठेवा. पद्धत योग्यच आहे, पण आता गल्ला आणि वही यांच्यात ८०० रुपयांचं अंतर पडलं, आणि सगळी फिरवाफिरव या अंतरात राहते. त्या उधारीतले किती बुडतील हे भाऊने अंदाजाने ठरवायचं. १०० म्हटलं तर नफा एक, ४०० म्हटलं तर नफा वेगळा, आणि दोन्ही वेळा पोहे तेवढेच विकले गेले.

मोठ्या कंपनीत असे शेकडो अंदाज असतात. १० कोटींचं मशीन १० वर्षं चालेल असं धरलं तर दरवर्षी १ कोटी खर्च लागतो, २० वर्षं चालेल म्हटलं की ५० लाख, म्हणजे एका सहीने वर्षाचा नफा ५० लाखांनी वाढला आणि मशीनला कोणी हातही लावला नाही.

आता एक डोळ्यासमोरचं सांगतो. माझ्या मामांची इतवारीत एका कंपनीच्या मालाची एजन्सी होती, गोदाम वाडीला. कॉलेजात असताना मार्चच्या शेवटी मी तिकडे हाताखाली जायचो. २८-२९ मार्चला कंपनीचा सेल्सवाला यायचा, घामाघूम, आणि मामांच्या मागे लागायचा, "भाऊ, तीनशे पेट्या ठेवून घ्या फक्त, पैसे जूनमध्ये द्या, नाही खपल्या तर परत पाठवा, आपलं तोंडी ठरलं." मामा म्हणायचे जागा नाही. तरी रात्री ट्रक यायचाच. पेट्या व्हरांड्यात, ताडपत्री टाकून, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्यातल्या अर्ध्या पेट्या त्याच ट्रकने परत. मला तेव्हा वाटायचं हा मूर्खपणा आहे, डिझेल फुकट जाळून राहिले. पुढे अकाउंट्स शिकलो तेव्हा कळलं की ३१ मार्चला त्या तीनशे पेट्या कंपनीच्या वहीत विकलेल्या होत्या आणि त्या विक्रीवर नफा लागलेला होता. अशी व्हरांड्यातली ताडपत्री गावोगावी असेल तर केवढा नफा होतो तो विचार करा. आणि पुढच्या मार्चमध्ये तीनशेच्या जागी चारशे पेट्या ढकलाव्या लागतात, कारण मागच्या वर्षीपेक्षा वाढ दाखवायची असते.

तिसरा प्रकार सगळ्यात गुपचूप असतो आणि माझ्या मते सगळ्यात वाईट. यात वहीत काहीच खोटं नसतं. समजा बुटीबोरीतल्या एका कारखान्याला या तिमाहीत नफा कमी पडतो आहे. मग मॅनेजर बॉयलरची दुरुस्ती पुढे ढकलतो, सेफ्टीचं ट्रेनिंग रद्द करतो, सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट रात्री बंद ठेवतो कारण त्याची वीज वाचते. वाचलेला प्रत्येक रुपया खरा आहे, ऑडिटरला बोट ठेवायला जागा नाही. पण त्या तिमाहीचा नफा कामगाराच्या जिवातून आणि गावाच्या विहिरीतून काढलेला असतो. नफ्याची फिरवाफिरव आणि सस्टेनेबिलिटी हे दोन वेगळे विषय आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी फक्त हा एक मॅनेजर डोळ्यासमोर आणावा.

चांगली कंपनी की चांगली ढाल?

आता काकांचा मूळ प्रश्न. याची दोन उत्तरं आहेत आणि अडचण अशी की दोन्हीला पुरावा आहे.

पहिलं उत्तर काकांसारखंच. जी कंपनी नीतीने वागते ती सगळीकडेच नीतीने वागेल. २०१२ मध्ये अमेरिकन कंपन्यांवरचा एक मोठा अभ्यास छापून आला त्यात हेच दिसलं, सामाजिक जबाबदारीत वरच्या कंपन्या नफ्याची फिरवाफिरव कमी करतात.

दुसरं उत्तर उलटं. ज्याला आत काहीतरी लपवायचं आहे त्याला बाहेर चांगलं नाव सगळ्यात जास्त लागतं. २००८ मध्ये २६ देशांतल्या ५९३ कंपन्यांचा अभ्यास आला होता, त्यात आकडे फिरवणाऱ्या कंपन्याच समाजकार्यात पुढे दिसल्या. कारण समजायला सोपं आहे. उद्या कोणी शंका घेतली तर गावकरी, कामगार, एनजीओ, पेपरवाले, सगळे आपल्या बाजूने उभे राहावेत म्हणून आधीच पुण्य जमा करून ठेवायचं. म्हणजे ढाल.

आपल्याकडचं सत्यम या हैदराबादच्या आयटी कंपनीचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे पण त्याच्यातला हा भाग लोक विसरले. सत्यमला २००८ मध्ये चांगल्या कारभारासाठीच गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता. आणि ७ जानेवारी २००९ ला चेअरमन रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात जे ५३६१ कोटी रुपये रोख आणि बँकेत दाखवलेत त्यातले ५०४० कोटी नाहीतच. कमी पडले असं नाही, नाहीतच. त्याच पत्रात सप्टेंबर २००८ च्या तिमाहीचा हिशेब होता, दाखवलेली विक्री २७०० कोटी, खरी २११२ कोटी, दाखवलेला नफा ६४९ कोटी आणि खरा ६१ कोटी. शेअर एका दिवसात तीन-चतुर्थांशाहून जास्त पडला.

त्या पत्रातली मला सगळ्यात खरी वाटलेली गोष्ट म्हणजे राजूंनी लिहिलं होतं की सुरुवातीला खऱ्या आणि दाखवलेल्या नफ्यातलं अंतर छोटं होतं, ते वर्षानुवर्षं वाढत गेलं, आणि मग वाघावर बसल्यासारखं झालं, उतरलं तर वाघ खाणार. आमच्या मामांच्या गोदामातल्या तीनशेच्या चारशे पेट्या तशाच. फिरवाफिरव एका वर्षाची कधीच नसते, मागच्या वर्षाचं खोटं या वर्षी भरून काढावं लागतं.

आणि महाराष्ट्राला तर याच्या आधीचा धडा मिळालेला आहे. दाभोळच्या वीज प्रकल्पवाली अमेरिकन कंपनी एन्रॉन, हिशेबातली लबाडी उघडी पडून डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली, तिच्याकडे नीतिमत्तेची ६४ पानांची नियमावली होती.

आपल्यासारख्या देशांत हे जास्त का होतं?

इथे कोणाला राग येऊ शकतो, की अमेरिकेत एन्रॉन झालं तरी आपल्याच देशांना का नावं ठेवता. बरोबर आहे, लबाडी कुठल्या देशाच्या रक्तात नसते. पण २००३ मध्ये ३१ देशांची तुलना करणारा एक अभ्यास झाला, त्यात निघालं की जिथे छोट्या गुंतवणूकदाराला कायद्याचं संरक्षण भक्कम आहे तिथे फिरवाफिरव कमी. प्रश्न माणसांच्या चारित्र्यापेक्षा पकडले जाण्याच्या भीतीचा आहे. सत्यमच्या प्रकरणात स्वतः कबुली होती, लेखी, सहीनिशी, तरी शिक्षा व्हायला एप्रिल २०१५ उजाडलं.

दुसरं कारण म्हणजे आपल्या कंपन्या घराण्यांच्या असतात. भावाची एक कंपनी, मेव्हण्याची दुसरी, बायकोच्या नावावर जमीन. एका घरात दोन खिसे असले की या खिशातून त्या खिशात पैसा टाकून दोन्हीकडे धंदा झाला असं दाखवता येतं. यांना रिलेटेड पार्टी व्यवहार म्हणतात, गुन्हा नाहीत, पण सत्यमचा शेवट जवळ आला तो डिसेंबर २००८ मध्ये राजूंच्याच कुटुंबाच्या मायटास कंपन्या विकत घ्यायचा घाट घातला तेव्हा.

तिसरं कारण नवं आहे. परदेशी फंड, परदेशी ग्राहक, स्वस्त कर्ज देणाऱ्या संस्था, सगळे आता ईएसजी विचारतात. आपल्यासारख्या देशात भांडवल महाग असतं, त्यामुळे चांगल्या ईएसजी मार्कांची किंमत इथे जास्त आहे, आणि ज्या मार्कांची किंमत जास्त त्या मार्कांसाठी कॉपी होणार.

ब्राझीलची दोन प्रकरणं बघा. अमेरिकानास ही तिथली जुनी, घराघरात माहीत असलेली दुकानांची साखळी. जानेवारी २०२३ मध्ये तिच्या हिशेबात २००० कोटी रेआलचा (रेआल म्हणजे तिथलं चलन) घोळ असल्याचं बाहेर आलं, नवा सीईओ नऊ दिवसांत राजीनामा देऊन गेला. तेव्हा ती साओ पाउलोच्या शेअर बाजाराच्या सस्टेनेबिलिटी निर्देशांकात होती, नंतर काढली. घोळाचा मोठा भाग अगदी आपल्या इतवारीतला वाटावा असा आहे. दुकानदाराने माल घेतला, बँकेने त्याच्या वतीने व्यापाऱ्याला पैसे देऊन टाकले, आता दुकानदार बँकेचं व्याजासकट देणं लागतो. ते बँकेचं कर्ज म्हणून दाखवायला पाहिजे, ते तसं दाखवलं गेलं नाही.

दुसरं प्रकरण लिहिताना हात जड होतो. २५ जानेवारी २०१९ ला ब्रुमाडिन्यो गावाजवळ वाले या खाण कंपनीचा बांध फुटला. लोखंडाचं खनिज धुतल्यावर उरलेला गाळ साठवायचा बांध, आपण कोराडी-खापरखेड्याकडे राखेचे तलाव पाहतो त्याच जातीची गोष्ट समजा. दुपारच्या जेवणाची वेळ होती, कंपनीची कॅन्टीन बांधाच्या खालच्याच बाजूला होती. २७० माणसं गेली. त्या बांधाला सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट होतं, आणि अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने एप्रिल २०२२ मध्ये वालेवर केस केली त्यात आरोपच हा होता की कंपनीने सस्टेनेबिलिटी रिपोर्टमध्ये बांध सुरक्षित असल्याचं सांगून गुंतवणूकदारांना फसवलं. पुढच्या वर्षी कंपनीने ५.५९ कोटी डॉलर देऊन ती केस मिटवली. म्हणजे हा रिपोर्ट म्हणजे नुसता शोभेचा कागद आहे असं समजून तो लिहिला गेला तर त्यात माणसं गाडली जातात.

"पण ऑडिटर असतो ना, रेटिंगवाले असतात ना?"

ऑडिटर असतो, आणि बहुतेक ऑडिटर प्रामाणिकपणे काम करतात हे मी या धंद्यात राहून सांगतो. पण ऑडिटर प्रत्येक पेटी उघडून पाहत नाही, नमुना तपासतो. सत्यममध्ये बँकेच्या ठेवींचे कागदच बनावट होते. शिवाय ऑडिटरची फी कंपनीच देते. आता फर्मला सलग जास्तीत जास्त दहा वर्षंच राहता येतं, २०१८ पासून ऑडिटरवर नजर ठेवायला एनएफआरए ही सरकारी संस्था आहे, हे चांगले बदल आहेत.

सस्टेनेबिलिटीच्या आकड्यांचं मात्र आताआतापर्यंत ऑडिट सक्तीचंच नव्हतं. कंपनीने लिहिलं पाणी वाचवलं, आपण म्हणायचं वाचवलं. सेबीने २०२३ मध्ये त्यातले महत्त्वाचे आकडे बाहेरच्या माणसाकडून तपासून घेणं टप्प्याटप्प्याने सक्तीचं केलं, पहिल्या वर्षी १५० कंपन्या, आणि २०२६-२७ पर्यंत हजारही.

रेटिंगचं म्हणाल तर सहा मोठ्या ईएसजी रेटिंग संस्थांचे मार्क २०२२ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात एकमेकांशी ताडून पाहिले तर मेळ सरासरी ०.५४ निघाला, १ म्हणजे पूर्ण एकमत. कर्जाच्या रेटिंगमध्ये हा मेळ ०.९ च्या वर असतो. कळमन्याच्या बाजारात एकाच ढिगातली संत्री एका अडत्याने एक नंबर म्हणावी आणि शेजारच्याने ज्यूसला पाठवावी, तसं झालं हे. संत्रं तेच आहे, कोण रंग पाहतो कोण आकार पाहतो.

खाणीचं उदाहरण, कारण ते आपल्या दारात आहे

पर्यावरणाचा हिशेब आणि नफ्याचा हिशेब कुठे एक होतात हे विदर्भात सगळ्यात नीट दिसतं. उमरेड, सावनेर, कामठी, कुठेही जा, कोळशाची खाण संपल्यावर खड्डा बुजवायचा, माती पसरायची, झाडं लावायची ही खाण चालवणाऱ्याची जबाबदारी असते, आणि तो खर्च कधीतरी वीस वर्षांनी येणार असला तरी हिशेबात आजच देणं म्हणून दाखवावा लागतो. फक्त वीस वर्षांनी लागणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत १०० नसते, कारण आज थोडे पैसे ठेवले तर व्याजाने वाढतात. म्हणून व्याजदर धरून उलटा हिशेब करतात.

समजा १०० कोटी वीस वर्षांनी लागणार. ८ टक्के दर धरला तर आज देणं दिसतं साधारण साडेएकवीस कोटी. दर १० टक्के धरला की १५ कोटींच्याही आत. आणि दर ८ च ठेवला पण खाण वीसऐवजी तीस वर्षं चालेल असं म्हटलं तर १० कोटींच्याही आत. खड्डा तेवढाच आहे. बुजवायला माती तेवढीच लागणार आहे. कागदावर देणं निम्म्याहून कमी झालं, कंपनी हलकी दिसायला लागली, कर्ज सोपं झालं, आणि खरा खर्च यायच्या दिवशी आज सही करणारा माणूस रिटायर होऊन दहा वर्षं झालेली असतील. मी कोणत्याही खाणीने असं केलं म्हणत नाही आहे, हे अंदाज तपासण्यासाठी नियम आहेत, खाण बंद करण्यासाठी वेगळ्या खात्यात पैसे ठेवायची अटही सरकारने घातली आहे. पण ताळेबंदासोबतच्या टीपेतला तो व्याजदर आणि ती वर्षं पाहिल्याशिवाय हिरव्या पानावरच्या झाडांवर मी विश्वास ठेवत नाही.

"मग हे अहवाल बंदच करा की"

काका इथे चिडले होते. म्हणाले, मग हे एवढं छापतात कशाले, आपण वाचायचं कशाले.

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. हे अहवाल वाचायलाच पाहिजेत, पण ताळेबंदाच्या शेजारी ठेवून. कारण नफ्याचा आकडा अंदाजांवर उभा असतो पण वीज, पाणी, कोळसा, कामावरची माणसं हे मोजलेले आकडे असतात, त्यांच्या मागे मीटर असतो, बिल असतं, पीएफचं चलान असतं. खोटी विक्री दाखवायला एक बिल पुरतं. खोटी वीज दाखवायला महावितरणचं मीटर फिरवावं लागेल.

आणि आता ती गोष्ट जी मला स्वतःला बरीच उशिरा लक्षात आली. बीआरएसआरमध्ये एका रुपयाच्या विक्रीमागे किती ऊर्जा लागली असा आकडा द्यावा लागतो. चांगला आकडा आहे, लहान-मोठ्या कंपन्यांची तुलना करता येते. पण भागाकार करून पाहा. १० कोटी युनिट वीज आणि ५०० कोटींची विक्री, म्हणजे रुपयामागे ०.०२ युनिट. आता १०० कोटींची खोटी विक्री जोडा, वीज तेवढीच, विक्री ६००, आकडा आला ०.०१६७. कंपनी एका रात्रीत जवळजवळ १७ टक्के जास्त पर्यावरणपूरक झाली! एक बल्ब बदलला नाही, एक सोलर पॅनल लावलं नाही, फक्त विक्री फुगवली. पाण्याचंही तसंच, कचऱ्याचंही तसंच, कारण भागायचं सगळ्यांना त्याच विक्रीने. म्हणजे नफ्याची लबाडी आपोआप हिरवी दिसते. उलट ज्या कंपनीने खरंच मेहनत करून वीज वाचवली आणि विक्री प्रामाणिक दाखवली ती या शर्यतीत मागे पडते, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून त्याच तक्त्यात खाली उत्पादनाच्या हिशेबाने, म्हणजे एका टनामागे किंवा एका नगामागे किती ऊर्जा लागली, ती ओळ असते ती शोधायची. सोबत रोखीचा तक्ता काढायचा आणि पाच वर्षांचा नफा आणि पाच वर्षांत धंद्यातून आलेली रोख समोरासमोर मांडायची, पोहेवाल्याची वही आणि गल्ला. एखाद्या वर्षी अंतर पडेल, सलग पाच वर्षं नफा पुढे आणि रोख मागे असेल तर थांबायचं. उधारी विक्रीपेक्षा वेगाने वाढते आहे का बघायचं. आणि सेबीने तपासणीत घातलेल्या आकड्यांमध्ये सप्लायरला पैसे द्यायला किती दिवस लागतात आणि खरेदी-विक्रीतला किती वाटा घरच्याच कंपन्यांशी आहे हेही आहे, ते एक पान मला सगळ्या रंगीत पानांपेक्षा मोलाचं वाटतं. सराव करायचा असेल तर मॉयलसारख्या नागपुरातच मुख्यालय असलेल्या कंपनीचा अहवाल उघडा, मँगनीज आपल्या ओळखीचं आहे त्यामुळे टनाचा हिशेब लवकर कळतो.

काकांचा गठ्ठा

हे सगळं ऐकून काकांनी गठ्ठा परत ओढून घेतला. ऊर्जेचा तक्ता काढला, त्यात आकडे ज्यूलमध्ये होते, मी म्हटलं थांबा मोबाईलवर करून देतो, तर म्हणाले, "एक युनिट म्हणजे छत्तीस लाख ज्यूल, हे मले सांगतं का तू?" तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. वीजचोरी पकडायला कारखान्यात जायचे तेव्हा आधी मीटर नाही बघायचे, आधी विचारायचे माल किती काढला. माल जास्त आणि युनिट कमी असले की चोरीसाठी तारेवर आकडा कुठे टाकला ते शोधायचं. इथे त्यांनी तेच गणित उलटं लावलं.

अहवालाच्या पाठीवरच त्यांनी पेनाने मांडलं. विक्री ३८ टक्क्यांनी वाढली. वीज ४ टक्क्यांनी. मग रुपयामागची वीज २५ टक्क्यांनी कमी झाली ते पान बरोबर होतं, भागाकारात एक पैसा चुकलेला नव्हता. रोखीचा तक्ता पाहिला, नफा वाढलेला, धंद्यातून आलेली रोख मागच्या वर्षीपेक्षा कमी. उधारी जवळजवळ दुप्पट. आणि टनामागच्या ऊर्जेच्या ओळीत लिहिलं होतं, लागू नाही.

मी म्हटलं काका, याची सरळ कारणं असू शकतात, भाव वाढले असतील, बाहेरून तयार माल घेऊन विकला असेल, तर वीज वाढणारच नाही, एवढ्यावरून कोणाला चोर म्हणू नका. ते म्हणाले, "म्हणत नाही ना बाप्पा, मीटर तपासल्याशिवाय मी कधी कोणाचं कनेक्शनही तोडलं नाही." मग माझ्याच लॅपटॉपवर कंपनी सेक्रेटरीला मेल लिहायला बसले, एका बोटाने, मराठीतच. पहिली ओळ लिहिली: मागील दोन वर्षांचे एकूण उत्पादन टनामध्ये किती, तेवढे कळवावे.